बिनाछताची गाडी अन् तुझा पिठाचा डबा

वनूची माय,

तुझ्या तेरवीले माणसं आली, जेवली, अन् तुझ्याबद्दल लय चांगलं बोलली. स्वभाव गरीब होता म्हणे तुझा. कोणाले उलटून बोलली नाही म्हणे. मी भिंतीले टेकून आयकत होतो. एकदा वाटलं उठून विचारावं, का बाप्पा, तुम्ही नेमके कोणाच्या तेरवीले आले?

म्हणून मीच लिहाले बसलो. माझं शिक्षण तुले ठाऊक हाय. चौथीत मास्तरनं कान पिरगाळला, मी घरी आलो तो आलोच. पण वनू म्हणते, "बाबा, तुम्हाले रडता येत नाही, तर लिहून तरी पाहा." मी म्हणलो, लिहीन, पण गाडीचं लिहीन. कारण तू गेली तवा आपलं भांडण गाडीवर येऊन थांबलं होतं. बाकी सारं आपण दोघांनी निपटवलं. वनूचं लगन झालं, घरावर स्लॅब पडला, वावराचे धुरे-बांध ठरले. हे एकच राह्यलं होतं.

तुले सारं ठाऊक हाय, पण उद्या वनूची लेकरं हे वाचतीन, त्याईले समजावं म्हणून जराक मागून सांगतो.

मी यवतमाळच्या जिनिंगवाल्या भाऊंकडे जन्मभर ड्रायव्हर. पहिले त्याईच्या वडलांची जीप चालवली, मंग पांढरी अँबेसेडर, मंग काय काय. डोळ्याले जाड चष्मा लागला तवा म्हणलो, आता पुरे. तेवढ्यात भाऊंनं मुंबईहून ती उघडी गाडी आणली. जर्मनीची. कोणातरी हौशी माणसानं वापरलेली, पण नव्या सुनेसारखी जपलेली. रंग पिकल्या जांभळाचा. नाक लांब, बूड आखूड, अन् डोक्यावर कापडाचं छत. बटन दाबून धरलं का मागचं झाकण उलट्या बाजूनं उघडते, छत उठून उभं राहते, मधात मोडते, घडी होऊन डिक्कीत उतरते, अन् वरतून झाकण बसते. एवढा सारा खटाटोप, अन् आवाज किती, तर बाजूच्या खोलीत शिलाई मशीन चालू असल्यावानी.

भाऊ राहतात नागपूरले, अन् गाडी इथी जिनिंगच्या शेडात. अन् अशी गाडी उभी राह्यली का मरते. बॅटरी उतरते, टायर एका जागी चपटे होतात, छताचं रबर कडक होऊन त्याले चिरा पडतात. म्हणून भाऊ म्हणे, "काका, दर इतवारी हिले फिरवून आणत जा. अन् काकूले घेऊन जा संगं. एकटे कायले फिरता?"

झालं. जवानीत मी तुले सायकलच्या कॅरिअरवर बसवलं, अन् म्हातारपणी एकदम जर्मन गाडीत. मधातलं सारं आयुष्य यष्टीत गेलं.

तू पहिल्यांदा शेडपाशी आली तो दिवस मले आठवते. कमरेवर हात ठेवून गाडीभोवती एक चक्कर मारली, बाजारात गाय पाहावं तशी. छताले बोटानं टोचून पाह्यलं.

"काय जी, एवढ्या मोठ्या गाडीले कापडाचं छत? गाडी हाय का तंबू?"

मी म्हणलो, "तीन पदरी हाय ते. वरचं पाणी अडवाले, आतलं शोभेले, अन् मधात दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून."

"मंग गोधडी म्हणा ना सरळ."

मी तुझ्या बाजूचं दार उघडलं. या गाडीच्या दाराच्या काचेले वरतून चौकट नसते. काच सरळ छताच्या रबरात जाऊन रुतते. म्हणून मूठ ओढली का काच पहिले दोन बोटं खाली उतरते, रबरातून सुटते, मंग दार उघडते. दार लावलं का पुन्हा वर जाऊन रुतते. हे सारं मी तुले समजावून सांगणार होतो. तू मधातच म्हणली, "आगं माय! पापणी लवली का वं इनं?"

मले जन्मभर गाड्याईनं पोसलं. पण गाडीले पापणी असते, हे मले कधी सुचलं नव्हतं.

भांडणाची सुरुवात बी त्याच दिवशी झाली. दारव्हा रोडनं जाताना मी सहज बोलून गेलो, का ही गाडी तिच्याच जातीच्या बंद गाडीपेक्षा जड हाय. तू माझ्याकडे असं पाह्यलं, जसा मी भरदिवसा पिऊन आलो.

"छत काढलं अन् वजन वाढलं?"

"हाव."

"पत्रा कमी झाला अन् गाडी जड झाली?"

"हाव म्हणतो ना."

"तुम्ही समोर पाहून चालवा जी."

घरी आल्यावर मी तुझ्या चपलांचं खोकं घेतलं. झाकण चिकटवून पिळून दाखवलं, पिळलं गेलं नाही. झाकण काढलं अन् पिळलं, तर ते वावटळीत सापडल्यावानी वाकडं झालं. मी म्हणलो, "पाह्य. बंद गाडीचं छत नुसतं सावलीसाठी नसते. ते चारी बाजू एकमेकीले धरून ठेवते. ते कापलं का गाडी अशी पिळते. एक चाक खड्ड्यात गेलं का दार अडकते, काच थरथरते. मंग ते आवराले बनवणारे काय करतात, तर खालचं बूड जाड करतात. दाराखालचे उंबरठे डबल लोखंडाचे. पुढच्या काचेच्या चौकटीत पोलादी नळी. पोटाखालून आडवे-तिरपे पट्टे. छताचा पत्रा गेला पसाभर, अन् लोखंड आलं पायलीभर. झाली ना जड?"

तू उठली, पिठाचा डबा आणला, झाकण काढून माझ्या पुढ्यात आदळला.

"घ्या. काढलं झाकण. पिळा."

"अवं, हा जाड पत्र्याचा डबा हाय. हा कसा पिळन?"

"मंग?"

"तेच तर सांगतो तुले. बिनाझाकणाचं भांडं जाडच करा लागते."

"मंग त्या जाड डब्यालेच झाकण लावा ना जी! जाड बी झाला अन् बंद बी झाला. जे काढून फेकाचं ते पहिले बसवलं कायले, अन् काढल्यावर रडाचं कायले?"

तू डबा उचलून गेली, अन् माझ्या पायजम्यावर पीठ सांडलं ते झटकलं सुद्धा नाही.

तवापासून इतवारी गाडी शेडमधून निघाली का हे भांडण तिच्या मागोमाग निघे. कधी तू काढे, कधी मी. मी नवीन दाखला द्यावा, तू तो मोडावा. मी बाजेचा दाखला देला, का चार पाट्या अन् चार पाय हायत पण दोरी विणल्याशिवाय बाज डुगडुगते. तू म्हणली, "बाजेले छत कुठी असते?"

पण त्या निमित्तानं मी तुले सारी गाडी सांगतली, हे मातर खरं. ती पळवाची गाडी नाही, हे तुले समजलं. सहा सिलिंडर एका रांगेत बसवले हायत, एकाचा धक्का दुसरा झेलते, म्हणून इंजन चालू हाय का बंद, ते हात ठेवल्याशिवाय समजत नाही. पाय दाबला तर ती चवताळून उठते, नाही असं नाही. पण तवा तिची शोभा जाते. तिले मध्यम चालीनं सोडली, का मंग तळ्यात उतरलेल्या म्हशीवानी जाते. निवांत. वजन असल्यानं रस्त्याले धरून बसते, लहानसहान खड्डा तर अंगाले लावूनच घेत नाही. अन् तिचं जोर लावणं मागच्या चाकाईचं. पुढचे चाकं फक्त वळतात, म्हणून स्टेअरिंगले ओढाताण नसते, हातात साफ राहते.

हे सांगतलं तवा तू म्हणली, "म्हणजे आपल्या घरावानीच. पुढं दिसता तुम्ही, मागून ढकलते मी."

स्पीडब्रेकर तिले सरळ घ्या लागे, दोन्ही चाकं एकदम. तिरपं घेतलं का अंग पिळे, दाराचं रबर कुरकुरे, अन् वरच्या आरशात मागचा रस्ता थरथर कापे. पहिले पहिले हे फक्त मलेच दिसे. मंग एक दिवस तूच म्हणली, "आरसा हालला जी. तिरपी घेतली तुम्ही." तवाच माझ्या ध्यानात याले पायजे होतं. नाही आलं.

अन् वारा. लोकाईले वाटते उघड्या गाडीत वारा समोरून लागते. समोरून काच असते, तिच्यावरून वारा वरच्या वर जाते, अन् मागं जाऊन गोल फिरून मानेवर येते. तुझा पदर पाठीकडून उडून तोंडावर बसे. "गाडी पुढं जाते अन् वारा मागून मारते, हिचं सारंच उलटं," असं म्हणून तू पदर गळ्याशी बांधून घे. मी मागच्या सीटवर जाळी उभी केली, त्यानं बराच वारा अडला. तरी चाल वाढली का बोललेलं समजत नसे. त्याच्यावर तूच कायदा केला, का नुसतं पाहाचं असन तर छत उघडा, अन् बोलाचं असन तर छत लावा. उघड्या गाडीत बोलणं मागं उडून जाते, अन् मागच्या गाडीवाल्याले फुकटात आयकू येते.

बोरी अरबचं कोहळं आठवते का? तुझ्या भावाकडे गेलतो, अडाण नदीच्या काठच्या वावरात. जाताना ऊन होतं म्हणून छत लावलं होतं. निघताना सांज पडली, अन् तू स्वतःच्या तोंडानं म्हणली, "उघडा ना जी आता." आयुष्यात पहिल्यांदा. मी ऐटीत बटन दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. काहीच नाही. बोनट उघडलं, फ्यूज पाह्यले, गाडी बंद करून चालू केली. गाव गोळा झालं. एक म्हणे पाणी टाका, एक म्हणे धक्का मारा. तुझा भाऊ तर छताले चार जणांनी धरून उचलाले निघाला होता. मी घामानं निथळून राह्यलो, अन् तू शांत, सीटवर बसून.

शेवटी म्हणली, "ते कोहळं तर नडत नसन?"

डिक्कीत एक पडदी असते. छत घडी होऊन जिथी झोपते, त्या जागेखालची. ती पडदी खाली पडलेली असन तरच छत हालते, नाही तर गाडी म्हणते माझी झोपाची जागा मोकळी नाही. भावानं देलेलं ते रांजणासारखं कोहळं तू तिथी ठेवलं होतं, अन् त्यानं पडदी वर उचलून धरली होती. कोहळं काढलं. छत उठलं, मोडलं, झोपलं. साऱ्या गावानं टाळ्या वाजवल्या. घरी येईपर्यंत कोहळं तुझ्या मांडीवर, अन् तुझं एकच पालुपद, "जर्मनीची गाडी, कोहळ्यानं हरली."

मंग तुझा श्वास लागाले लागला. घरात भिंती आंगावर येतात म्हणे तू. डॉक्टर झाले, औषधं झाले. पण जमलं तोवर इतवार तू सोडला नाही. थंडीत बी छत उघडं पायजे तुले. मी दोन्ही काचा वर करून पायाशी गरम हवा सोडे, अन् वर मोकळं आभाळ. "पाय चुलीपाशी अन् डोकं आंगणात," तू म्हणली. त्या गाडीत तू पुरा श्वास घे. मी वरचा आरसा तुझ्याकडे वळवून पाहत असे. रस्ता नाही, तुले.

शेवटच्या इतवारी बटन तूच दाबलं. छत जाऊन बसेपर्यंत दाबून धरलं, बोट हाललं नाही. मंग म्हणली, "मी गेली का मले माहेरच्या नदीत सोडा. अन् छपराखालून नेऊ नका."

आपल्याकडे अस्थी सावडल्यावर घरात आणत नाहीत. छपराखाली ठेवत नाहीत. आंगणातल्या झाडाले बांधतात, अन् तिथून नदीवर. पण तो नियम घरापुरता. गाडीत, यष्टीत सारेच नेतात. तू तो नियम ओढून ताणून पार रस्त्यावर नेला होता. माझी माय गेली तवा यष्टीत तू तिच्या अस्थींचं गाठोडं खिडकीच्या बाहेर धरून बसली होती, यवतमाळपासून नदीपर्यंत. कंडक्टर म्हणे, "बाई, हात आत घ्या." तू म्हणली, "हात घेते. सासू घेत नाही." सारी यष्टी हासली. मले जमिनीत जावं वाटलं. पण मंग त्या कंडक्टरनं समोरून ट्रक आला का ड्रायव्हरले ओरडून सांगणं सुरू केलं, "जराक डावीकडून घ्या, बाहेर आजीबाई हाय."

तू दिवाळीनंतर गेली. कशी गेली ते लिहीत नाही, आपण दोघं तिथीच होतो.

भाऊ नागपूरहून आले. मी काही मागाच्या आधीच म्हणले, "काका, गाडी घेऊन जा." मी म्हणलो, "भाऊ, तुमच्या घरच्या वराती निघतात त्या गाडीत. अस्थी नेल्या तर चालन का?" ते म्हणले, "माझ्या मायनंच चाबी देऊन पाठवलं." त्याईच्या मायले तुझा यष्टीतला किस्सा तूच सांगतला असन. तू कोणाले सांगतला नाही?

सकाळी आंगणातल्या कडूनिंबाले बांधलेलं तुझ्या अस्थींचं गाठोडं सोडलं. लाल कपड्यात बांधलेलं तुझं मडकं वनूनं छातीशी धरलं. मी आंगणात गाडी लावली, बटन दाबलं.

काहीच नाही.

तुझ्या दुखण्यात गेले काही इतवार गाडी उभीच होती. मले वाटलं झालं, मोटर गेली. वनूचा चेहरा पडला. "बाबा, आईले शब्द देला होता ना." पाहुणे गोळा झाले. एक म्हणे बॅटरी असन. तुझा चुलतदीर म्हणे, "राहू द्या ना आता छत बंद. कोण पाहते?"

मी म्हणलो, "ती पाहते."

जन्मभर मी तुझं कोणतंच म्हणणं पहिल्या झटक्यात आयकलं नाही. हे एकच शेवटचं होतं, अन् तेच होऊन नाही राह्यलं. पुन्हा दाबलं. पुन्हा. मंग कोणास ठाऊक काहून, मले कोहळं आठवलं. मी मागं गेलो, डिक्की उघडली. वनूनं नदीवरच्या विधीसाठी सामान ठेवलं होतं. टॉवेल, नारळ, फुलं, अन् पडदीले टेकून उभा, पिंडाच्या कणकेसाठी आणलेला डबा.

पिठाचा डबा. तुझा. जाड पत्र्याचा. अन् वरतून झाकण लावलेला.

मी हासलो वं. पोट धरून हासलो. आंगणात तुझ्या अस्थी अन् तुझा नवरा डिक्कीत डोकं घालून हासून राह्यला. पाहुण्याईले वाटलं म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलं. मी डबा काढला, वनूच्या पायापाशी ठेवला, पडदी पाडली, बटन दाबलं. छत उठलं.

रस्त्याले लागण्याआधी पेट्रोल टाकाचं होतं. पंपाजवळ गेलो अन् ब्रेक मारला. पंपाले छत. वनू माझ्याकडे पाहे, मी छताकडे. "उतर," मी म्हणलो. वनू तुले घेऊन रस्त्याच्या कडेले उन्हात उभी राह्यली, मी पेट्रोल टाकून आलो, तुम्हाले दोघींले घेतलं. पुढं वडाच्या झाडांखालून रस्ता लागला तर वनू विचारते, "बाबा, झाड चालते का?" मी म्हणलो, "झाडालेच तर बांधून होती ती. चालते."

मंग तिनं विचारलं, मी हासलो काहून. मी चाल कमी केली अन् सांगाले लागलो, का तुझी आई अन् मी, एक खोकं, एक डबा...

"तो किस्सा मले ठाऊक हाय," वनू म्हणली. "छत काढलं का गाडी पिळते, मंग बूड जाड करा लागते, म्हणून उघडी गाडी जड असते. आईनं मले फोनवर समजावून सांगतलं होतं. माझ्या सासूले तर खोकं पिळून दाखवलं होतं."

"कवा?"

"लय झालं बाबा. तुमचं फिरणं सुरू झालं त्याच वर्षी."

मी गाडी बाजूले घेतली. उभी केली. इतके वर्ष मी बाजेचे, खोक्याचे, माचिसच्या डबीचे दाखले देत राह्यलो, अन् तुले पहिल्याच वर्षी पटलं होतं? अन् विहिणीले शिकवत होती?

"मंग मले काहून नाही सांगतलं तिनं?"

"मी विचारलं होतं," वनू म्हणली. "आई म्हणे, त्याईले सांगतलं का ते गप्प बसतीन. मंग इतवारभर नुसता इंजनाचा आवाज आयकत बसतात."

कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चालल्या होत्या. त्याईचा उडालेला कापूस गाडीत येऊन पडे, काळ्या सीटवर, वनूच्या केसांत, तुझ्या लाल कपड्यावर. राग आला, हे लिहून ठेवतो. मले भैताड बनवलं तू. अन् रागाच्या मागून, उघड्या गाडीतल्या वाऱ्यासारखं, गोल फिरून दुसरंच काहीतरी मानेवर आलं. त्याचं नाव मले सांगता येत नाही. चौथीच्या पुढच्या पुस्तकात असन.

पुढं एका चहाच्या टपरीपाशी गाडी हळू केली. उघडी गाडी आपल्याकडे वरातीलेच निघते, तर बाकड्यावरचे चार जण उठून पाहाले लागले. एकजण हासत ओरडला, "काका, नवरदेव तर दिसत नाही! नवरी कुठी हाय?"

मी म्हणलो, "हे काय, संगंच हाय. माहेरी नेऊन राह्यलो."

त्यानं वनूच्या मांडीकडे पाह्यलं. त्याचं हासणं थांबलं. डोक्याचा रुमाल काढला, अन् बाकीच्याईनं बी काढले. पण मले काही वाईट वाटलं नाही वं. ती टपरी मागं जाईपर्यंत माझी मान ताठ होती. कोणत्या बाईची माहेरची पाठवणी इतक्या वर्षांनी जांभळ्या गाडीतून झाली?

नदीवर तुझा भाऊ होता. पाणी संथ होतं. वनूनं तुझ्या डब्यातलं पीठ काढलं, अन् कामाच्या घाईत झाकण काठावरच विसरून राह्यलं. मीच उचलून आणलं. तुले सोडलं. तू वरतून थोडी तरंगली, मंग गेली. छपराखालून गेली नाही तू, एक पाऊल बी नाही. शब्द पाळला हे तुले दिसलं असन.

वनू मामाकडे मुक्कामाले थांबली. मी एकटाच निघालो. गाडीपाशी आलो, तर सवयीनं पहिले तुझ्या बाजूचं दार उघडलं. काच दोन बोटं उतरली. दार लावलं. काच वर गेली. पापणी लवली. मंग मी माझ्या बाजूनं बसलो, अन् छत लावलं.

जाताना तुझ्यासाठी उघडं ठेवलं होतं. येताना तुझ्याच कायद्यानं लावलं, का बोलाचं असन तर छत लावा. नमद्यानं बाहेरचं सारं बंद झालं. आत इतकी शांतता, का इंजन बी आयकू येईना. अन् मी बोललो. पार यवतमाळ येईपर्यंत बोललो. मी म्हणलो, हरली होती ना? मंग मोठ्यानं सांगाले काय झालं होतं? तुझ्या झाकणाच्या प्रश्नाले उत्तर नाही माझ्यापाशी, हे बी मी तिथी कबूल केलं. एका स्पीडब्रेकरवर गाडी तिरपी गेली, आरसा हालला. मी लगेच म्हणलो, हाव, हाव, पाह्यलं मी.

डबा आता घरी हाय. धुऊन उन्हात ठेवला, झाकण लावलं. वनू म्हणते घेऊन जाऊ का. मी म्हणलो, राहू दे, तो माझ्या भांडणातला हाय.

भाऊंनं चाबी परत घेतली नाही. गाडी उभी राह्यली का मरते, हे त्याईलेबी ठाऊक हाय अन् मलेबी. तर इतवारी निघू. पदर गळ्याशी बांधून बस. छत उघडं ठेवाचं का लावाचं, ते तूच सांग. मी आयकणार नाहीच, पण सांग.